दोन मिलिमीटर

हरभट रोडला वळलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते.
कुकरची रिंग आणायची होती, पाच लिटरची, बस.
आता पावणेबारा.
मागून हॉर्न, पुढून हॉर्न,
डावीकडून एक रिक्षा आपलं नाक
माझ्या गुडघ्याला टेकवून उभी.
सम तारखेला डावीकडे लावा, विषमला उजवीकडे,
असं पाटी सांगते. गाड्या दोन्हीकडे.
चौकातली पोरगी, नवी भरती, शिट्टी दातात धरून
दोन्ही हातांनी दोन्ही बाजू थांबवते
आणि मग आधी कुणाला सोडायचं ते विसरते.

"कुठल्या गाढवानं आखला ह्यो रस्ता?"
शेजारचा बुलेटवाला विचारतो. मला नव्हे, गर्दीला.
मी हेल्मेटची काच खाली घेतो.

ट्रेसर होतो मी, नगरपालिकेत.
महापालिका व्हायची होती अजून.
वरच्या मजल्यावर, अमोनियाच्या वासात,
ट्रेसिंग पेपरवर सांगली उतरवायचो,
पाचशेला एक.
मनगटाचा घाम लागला तर
आख्खी पेठ फुगायची.
नदी एका दमात काढायची, हात न उचलता.
रस्ते पट्टीनं.
पट्टीला ओळखीपाळखी नसतात, साहेब म्हणायचे.
साहेब चांगले होते. बदलून गेले.

धनपाल मगदूम एका दुपारी जिना चढून आला.
भांड्यांचं दुकान, नुकतंच टाकलेलं.
"अण्णा, लाईन माझ्या पायऱ्यांवरनं जातीया.
पायऱ्या गेल्या तर गिऱ्हाईक चढंल कुठनं?"
पैसे काढले नाहीत त्यानं.
काढले असते तरी मी घेतले नसते,
असं पुष्कळ वर्षं म्हणत आलोय.
अर्धं ब्लेड घेतलं, शाई खरवडली,
नखानं कागद घोटला
आणि रेघ रस्त्याच्या अंगाला सरकवली.
दोन मिलिमीटर.
जमिनीवर सव्वातीन फूट,
कागदावर मुंगीचं पाऊल.

दिवाळीला घरी डबे आले. सात,
एकात एक बसणारे.
मोठ्यात अजून हळद असते.
सगळ्यात धाकटा नातीनं हरवला.
मग शेजारच्याच्या पायऱ्या बाहेर आल्या,
पायऱ्यांपुढं फळी, फळीपुढं छत्री,
छत्रीखाली मोबाईलची कव्हरं.
तेही एकातून एक निघत गेले.
त्यांच्या रेघा मी काढल्या नव्हत्या.

पुढं हातगाडी अडकलीय.
गाडीवर लोखंडी कपाट, आडवं,
चादर सरकून आरसा उघडा पडलेला.
आरशात वायरींची जाळी, आभाळाचा एक तुकडा
आणि खाली, कोपऱ्यात, पांढरं हेल्मेट.
हमाल घाम पुसत वळला.
"दोन हात जागा असती ना काका, तर सुटलो असतो."
कोपरापासनं बोटापर्यंत
हवेत दोनदा मोजून दाखवलं त्यानं.
वर तीन इंच, मी मनात दुरुस्ती केली.

"अण्णा? अण्णाच न्हवं का?"
पायरीवर धनपालचा पोरगा उभा,
बापासारखाच कमरेवर हात ठेवून.
रिटायर झाल्यापासून हे दुकान टाळून
मी पार गणपती पेठेपर्यंत जातो.
आणि आज गर्दीनं आणून बरोबर
याच्याच दारात उभं केलंय.
"उन्हात काय थांबलाय, चढा की वर.
काय पायजे? रिंग? पाच लिटरची? हाय की."

स्कूटर लावायला जागा नव्हती.
म्हणजे एकच होती,
पायऱ्यांना खेटून, रस्त्यात.

तिथं लावली.
तीन पायऱ्या आहेत. मधली जरा उंच.
मी कठडा धरून चढलो.
मागं सगळे एकदम हॉर्न वाजवायला लागले.