निळी वायर

चाळीस वर्षं उद्यमनगरात
गाडी मी कानानं तपासली.
गिऱ्हाईक कोपऱ्यावर असतानाच सांगायचो,
प्लग गेलाय, चेन ढिली आहे,
कुणीतरी रॉकेल घातलंय टाकीत.
इसाक नदाफचा कान, म्हणायचे लोक.

मग ह्या आल्या.
पोटात बॅटरी, तोंडात जीभ नाही.
दारात येऊन थांबली तरी पत्ता लागायचा नाही,
पायावर सावली पडली की मान वर करायची.

राजवर्धन असाच आला.
मिसरूड फुटायच्या बेतात,
मागं दोन दोस्त, एकाच सीटवर.
"चाचा, पंचवीसच्या वर जाईनाच झालीय.
रंकाळ्यावर काल सायकलवाला म्हातारा पुढं गेला.
लाज वाटती."

मला हसू आलं.
लायसन नको, नंबरप्लेट नको,
का, तर पंचवीसनंच पळती म्हणून.
कायद्यानं पोराला सोडलेली तेवढीच दोरी,
रेडकाला सोडतात तेवढी.

कंट्रोलरमधनं एक निळी वायर निघती,
जाडीला शेवईएवढी.
कट्.
दोनशे रुपये.
पोरं ओरडली, नाद खुळा चाचा!
आणि गेली.
आवाज झाला तो पोरांचाच.

सुभाषनगरात हिंदुराव व्हटकर.
चपला शिवून शिवून डोळे गेलेले.
रस्ता कानानंच ओलांडायचा तोही.
कडेला उभा राहून ऐकायचा,
ही केएमटी, ही उसाची ट्रॉली,
हा बुलेटवाला, माजलेला,
आणि मधे शांततेची जी फट पडती
तिच्यात पाय टाकायचा.

त्या सांजेला त्यानं फट ऐकली.
बरोबर ऐकली.
फटीत राजवर्धन होता,
साठनं.

सीपीआरमध्ये म्हाताऱ्याचा खुबा,
पोराचं गळ्याचं हाड, कपाळाला अकरा टाके.
हेल्मेट होतं. घरात, कपाटावर,
प्लॅस्टिकच्या पिशवीसकट.
मागची दोघं वाळूच्या ढिगात पडली म्हणून खरचटण्यावर भागलं.
वाळू कुणाच्या बांधकामाची, कुणी विचारलं नाही.

मोसंबी घेऊन गेलो.
पोरानं पोलिसांना माझं नाव सांगितलं नव्हतं.
ते मला जास्त लागलं.

हिंदुराव म्हणाला,
"इसाक, मी ऐकलं हुतं रं. काय बी नव्हतं.
डोळं गेलंच हुतं, आता कान बी गेलं म्हणायचं."

मोसंबी सोलत बसलो.
एक सोलली, दुसरी सोलली.
मग म्हणालो, कान शाबूत आहेत तुझे.
आणि वायरीचं सगळं सांगितलं.
त्यानं तोंड भिंतीकडं केलं.
फोड घेतली नाही.

महिन्याभरानं पोराची आई गाडी ढकलत घेऊन आली.
"विकत न्हाई. क्लासला लांब जायला लागतंय.
हुती तशी करा."
वायर सोलली, जोडली, डाग दिला, टेप गुंडाळली.
पैसे देत होती, मी हात मागं घेतला.
आणि हँडलला एक घंटी बसवली,
सायकलची, पितळी,
माझ्या थोरलीच्या शाळेतल्या सायकलची.

अजून येतात पोरं. पाचशे देतो म्हणतात.
मी म्हणतो, आधी खाली उतरा दोघं.
हेल्मेट कोपरात घालून आलायस, कोपराला मेंदू आहे का तुझ्या?
ती हसतात, दुसऱ्या गॅरेजला जातात.
दुसरं गॅरेज आहेच, चार दुकानं सोडून.

काल शटर ओढून रस्त्याकडेला उभा राहिलो.
ट्रॉली गेली. रिक्षा गेली.
फट पडली.
पाय उचलला, आणि परत ठेवला.
मान वळवली, उजवीकडं, डावीकडं, परत उजवीकडं,
अठ्ठावन्नाव्या वर्षी, पहिलीतल्या पोरागत.

ट्रिंग.

कुणीतरी थांबलं होतं,
मला जाऊ देत होतं.
काच खाली होती,
हेल्मेटातलं तोंड दिसलं नाही.