सामासिक अंतर

पंचफुलाबाई मेश्रामांनी जागा दाखवली ती हातानं,
"इथून त्या बाभळीपावतर, मंग टोंगळ्याभर खाली."
टोंगळ्याला फुटात काय म्हणायचं
हे डिप्लोमात शिकवलं नव्हतं.

अडाणच्या काठची टाकळी, गावठाणाबाहेर
तीस बाय चाळीस.
हद्दीचा दगड कुणीतरी कपडे धुवायला नेलेला,
म्हणून मोजणीवाला दोनदा आला, दोनदा चहा प्याला
आणि शेवटी कागदावरच दगड रोवून गेला.

सातबारा. अकृषकची पावती.
तलाठ्याची सही मंगळवारी मिळते,
तालुक्यात मीटिंग नसेल तर.
ग्रामसेवकाकडे तीन गावं आणि एक मोटरसायकल.

तिला हवं होतं ते एवढंच:
एक खोली, एक सैपाकघर, रस्त्याकडे शटर,
शटरच्या आत पिकोची मशीन.
मी रेषा ओढत चारी बाजूंनी आत सरकलो.
"एवढी सोडता काहून? जागा माहीच हाय ना?"
"सामासिक अंतर. सोडावं लागते."
"कोणासाठी?"
नियमात किती ते आहे, कोणासाठी ते नाही.
म्हटलं, उजेडासाठी. आगीच्या बंबासाठी.
ती हसली, "बंब?
एसटी बी नाल्यापलीकडूनच वापस जाते, भाऊ."

हरकतीची नोटीस फळ्यावर लागली,
पोलिओच्या जुन्या कागदावर.
सहाव्या दिवशी शेजारची रुखमा नेवारे आली,
अर्ज नाही, नुसतं बोट:
"इची खिडकी माह्या न्हाणीवर येते."
ग्रामसेवक म्हणाले, लेखी द्या.
"लेखी काय? दिसन ते दिसन."

पंचफुलाबाईनं नकाशा उलटा धरून पाहिला,
सुलटा धरून पाहिला.
"पुसा खिडकी."
"खोली तापेल उन्हाळ्यात."
"तापू द्या. तिले बी आंग धुवा लागते."
मी पुसली. एका कळीत गेली.
तेव्हा रुखमाच म्हणाली, दाराकडे बघत,
"पुसता काहून? वर चढवा ना.
माणसाच्या डोक्याच्या वर."

सात फुटांवर झरोका. शिक्का. चौदा अटी.

पुढच्या वैशाखात दाखल्यासाठी मोजायला गेलो
तर दोन भिंतींच्या मध्ये आडवी बाज,
बाजेवर लुगडं, लुगड्यावर कुरोड्या.
"जरा सरकवा."
"वल्ल्या हायेत," दोघी एकदमच.
मी बाजेखालून टेप सारला,
पलीकडून कुणाच्यातरी पोरानं टोक धरलं.
पाच फूट.
शेऱ्यात लिहिलं:
सामासिक अंतर मोकळे आढळले.