पाच नंबर

वीज कंपनीचं ओळखपत्र गळ्यात,
मल्हारगंजपासून जुन्या इंदूरपर्यंत
रोज एकशे ऐंशी घरांचे मीटर.

जेल रोडच्या दुकानातला मुलगा म्हणाला,
"पाच नंबर? लेडीजमध्ये एवढा दणकट माल येत नाही,"
आणि शाळकरी पोरांचे काळे बूट पुढे केले.
तसले दोन जोड झिजवले.
एकाचा तळ मार्चमध्ये निघाला,
दुसऱ्याने टाचेवर रुपयाएवढा फोड दिला.

मग छावणीत, पिठाच्या गिरणीला लागून, गेंदालाल.
पाय वर्तमानपत्रावर ठेवायला लावला,
कानामागची पेन्सिल काढून भोवती फिरवली.
गुदगुल्या झाल्या, हसले नाही.
"बायाँ पाँव जौ भर बड़ा है, बाई."

बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.
मी लोकांची रीडिंगं घेत हिंडले,
दाराआड कुत्रा, जिन्याखाली अंधार,
आणि माझा आकडा
हा असा, सोन्याच्या भावाशेजारी, वाकड्या अक्षरात.

अडीच हजार, दोन हप्त्यांत.
आठ दिवस चावले.
एरंडेल चोळलं, रात्री ओले मोजे घालून
घरभर ठकठक फिरले;
खालच्या दुर्वेबाई म्हणाल्या, घोडा बांधलाय का वर?

आता तिसऱ्या मजल्यावर
बूट आधी पोचतात.
गुडघा येतो मागून, कुरकुरत.