पाव आटा

रबाळ्याच्या गाळा नंबर सतरात
दुपारी दोनला शेजारची पॉवर प्रेस जेवायला थांबते,
नाहीतर संध्याकाळी सहानंतर.
तेवढ्यातच मी क्रोनोग्राफ लावतो.
एरवी टेबल हलतं, आकडे खोटं बोलतात.

गोठिवलीची मोक्षदा तांडेल
रायफलची पेटी पाठीला बांधून स्कूटरवर आली.
म्हणाली, सलग मारले तर दहा, दहा, दहा.
श्वास घ्यायला थांबले की पुढचा छर्रा वर.
सर म्हणतात, तुला धीर नाही.
म्हणून मी आता थांबतच नाही.

मी आधी हवा सोडली.
सिलिंडर रिकामा होईतो दोघं ते फुसफुसणं ऐकत राहिलो.

हिशेब सांगायला सोपा आहे.
आत पंच्याहत्तर बार हवा, व्हॉल्वचं दार दाबून धरलेली.
बाहेरून हॅमर येतो स्प्रिंगच्या जोरावर, टोला देतो.
दाब जास्त, टोला कमी, तर दार किलकिलं होऊन मिटतं,
छर्रा नळीतून नाइलाजाने निघतो.
टोला जास्त, तर छर्रा गेला तरी हवा जातच राहते,
निरोप घेऊन झाल्यावरही
उंबऱ्यात अर्धा तास बोलणाऱ्या माझ्या मेव्हण्यासारखी.
स्प्रिंग पिळत जावं:
एकशे सदुसष्ट, एकाहत्तर, पंच्याहत्तर,
अठ्ठ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर.
आकडा चढायचा थांबला की ओळखावं, पुढचं सगळं वाया.
मग मागे यावं. पाव आटा. किंचित अजून.
आवळायला सगळेच शिकवतात.

तिच्या रायफलीची स्प्रिंग दीड आटा जास्त आवळलेली.
कुणीतरी काहीतरी झाकलं होतं.
रेग्युलेटर उघडला, सीट भिंगाखाली धरली.
केसाएवढा चरा.
बंदूक गप्प पडली की हवा त्यातून पलीकडे सरकणार,
पंच्याहत्तरचे ऐंशी, ऐंशीचे पंच्याऐंशी,
कुणाला न सांगता.
आणि बाहेर, पितळेच्या कडेवर, पंचाचे दोन ठिपके.

दोन ठिपके मी मारतो.

सुलभाला आठवड्यातून तीनदा
डायलिसिसला ऐरोलीला न्यायचो, त्या वर्षीचं काम.
चिमटा घसरला असेल.
थांबून मारलेला छर्रा तेव्हा खाली पडायचा.
नवी सीट यायला पंधरा दिवस. गिऱ्हाईक दारात.
मी स्प्रिंग आवळली, छर्रा उचलला गेला.
गिऱ्हाईक खूश. मीही,
साडेचारला निघायचं होतं.

काय निघालं, तिने विचारलं.
चरा.
कोणी केला?
बाहेर एक टेम्पो रिव्हर्स घेत होता, तोंडाने वाजत.
तो थांबेपर्यंत मला मुदत मिळाली.
मी, म्हणालो.
तिने भिंग मागून घेतलं,
बराच वेळ बघितलं.
एवढासा? म्हणाली.
आणि मग, तीन वर्षं झाली मला ही घेऊन.

नवी सीट. ओ-रिंगला बोटभर सिलिकॉन, नाही, तेवढंही नाही.
काटा पंच्याहत्तरवर.
स्प्रिंग पार सैल, तिथून पाव, पाव, पाव,
वरचा आकडा गाठला, मग परतीची वाट.
सहाला प्रेस सुटली.
पाच छर्रे: १७४, १७४, १७३, १७४, १७४.

आता वीस मिनिटं थांब. हात लावायचा नाही.

तिला जमेना.
जाकिटाचं बक्कल उघड, मीट.
चौथ्या मिनिटाला घड्याळ.
सातव्याला, चहा सांगू का काका.
दाराशी जाऊन पारसिकच्या डोंगरावरचे दिवे मोजून आली,
त्रेचाळीस, म्हणाली, मी विचारलं नव्हतं.
माझी नजर काट्यावर.
पंच्याहत्तर. पंच्याहत्तर.

विसाव्याला तिने रायफल खांद्याला लावली.
श्वास घेतला, अर्धा सोडला.
बोट घोड्यावर. मी वाट बघतोय.
तिने रायफल खाली घेतली,
पाय नीट केले, पुन्हा उचलली,
आणि नुसती उभी राहिली.

वाट बघून क्रोनोग्राफचा पडदा विझला.
मी पुढे वाकून
तो परत चालू केला.