ठिपक्यासकट

जुना मॉनिटर गेला तो मंगळवारी, भर दुपारी,
टक्कन आवाज करून.
मधोमध एक पांढरी रेघ राहिली, मग तीही मिटली.
तेरा वर्षं त्याच्या पाठीची ऊब घेऊन
आधी भुरीची आई, मग भुरी, हिवाळा काढायची.
भुरी अजून वर चढून बसली होती.
तिला कुणी काही सांगितलं नव्हतं.

सेलूच्या तहसीलसमोर माझा पत्र्याचा गाळा,
पुढे हिरवी नेट.
अर्ज, प्रतिज्ञापत्र, उताऱ्यातली नावदुरुस्ती.
सिनेमा नाही बघायचा मला त्यावर, गेम नाही खेळायचा,
फक्त अक्षर दिसावं दिवसभर,
डोळ्यांतून पाणी न येता.
बजेट पाच हजार. त्यातच येणं-जाणं.

परभणीत अझीमभाईच्या दुकानात
भिंतभर पातळ चौकोन, सगळ्यांत एकच समुद्र,
निळे मासे डावीकडून उजवीकडे.
इतकं निळं पाणी आमच्या दुधनेला कधी आलं नाही.
"हारकाळताई, हा बगा, बावीस इंची, कडाच न्हाईत याला."
मी म्हटलं, मासे बंद करा. कोरं पान उघडा.

उघडलं त्यानं. मी टाइप केलं:
षष्ठी. उत्तरेश्वर. द्वारकाबाई. क्षेत्र चौतीस आर.
पोटफोड्या ष आणि पोट रिकामं असलेला प,
बारा पॉइंटात वेगळे दिसतात का?
समोरून पाहिलं, मग खुर्चीच्या शेजारी उभी राहून पाहिलं,
कारण अर्जदार नेहमी बाजूलाच असतो, वाकून,
आणि काही स्वस्त पडद्यांवर बाजूनं
माणसाचं नाव राखेसारखं दिसतं.
एक दाराकडे तोंड करून ठेवायला लावला.
चकचकीत काचेत मला माझीच साडी दिसली,
मागून जाणारा ऑटो दिसला, अक्षर नाही.
बाद.
एकाला जुनी निळ्या टोकाची वायर बसेना, तोही बाद;
माझा सीपीयू काही नवा होणार नव्हता.

अझीमभाई थकला. चहा सांगितला.
मग खालच्या रॅकमधून काढला एक, एकोणीस इंची, मॅट.
"ह्याच्यात खोट हाय, आदीच सांगतो.
एक ठिपका मेलाय. वापस आल्ता.
गॅरंटी देतो, पण ठिपक्याची न्हाई.
आठशे कमी द्या."

शोधला मी. वर, डाव्या अंगाला,
तिळाएवढाही नाही, खसखशीएवढा,
पांढऱ्यात काळा.
पदरानं पुसून पाहिला, उगीच.

चार हजार दोनशे.
पॅसेंजरमध्ये खोकं मांडीवर.
मानवत रोडला एका बाईनं विचारलं, टीव्ही का?
हो म्हटलं. समजावत कोण बसणार.

ठिपक्याची खरी ओळख तिसऱ्या दिवशी झाली.
प्रयागबाईचा फॉर्म भरत होते,
बांधकाम मजूर म्हणून नोंदणी.
ओळ वर सरकली, थांबली,
ठिपका नेमका म च्या डोक्यावर:
मंजूर.
चुकलं वाटून खोडलं, पुन्हा लिहिलं. तसंच.
माउसचं चाक एक खाच खाली, मजूर.
एक खाच वर, मंजूर.
तिचा सातवीतला नातू बाजूनं वाकून वाचत होता,
(बाजूनं दिसतं, ते मी पारखूनच घेतलंय)
"आज्जे, झालं की गं तुपलं!"

मी काही बोलले नाही.
प्रिंट काढली.
कागदावर ठिपका उतरत नाही.

आता अनुस्वाराची शंका आली की पान हलवून बघते.
हलला तर अक्षराचा,
जागच्या जागी राहिला तर आठशे रुपयांचा.

भुरीचं मात्र जमलं नाही.
ह्याला पाठच नाही.
दोनदा चढायला गेली, दोनदा टेबलामागे पडली.
हल्ली प्रिंटरवर झोपते,
आणि गर्दीच्या वेळी नेमका कागद अडकतो.