सोळा पानं

मानवतच्या जिनिंगवर वजनकाट्याची केबिन माझी.
भरलेली गाडी येते, आकडा लिहिते.
कापूस उतरतो, रिकामी गाडी परत येते,
पुन्हा आकडा, वजाबाकी, पावती.
मधे वीस-पंचवीस मिनिटं.
तेवढ्यात कादंबरी होत नाही.
कथा होते,
आणि लांबली तर ड्रायव्हर काचेवर नाणं वाजवतो,
"काय वाचायलीस ताई, माल उतरलाय कवाचा."

बावीस जणांच्या बावीस कथा, संपादक एक.
त्याची प्रस्तावना चौतीस पानांची,
जेवायच्या आधीच
भाजीत काय काय पडलंय ते सांगणाऱ्या पाहुण्यासारखी.
ती मी शेवटी वाचते, किंवा वाचत नाही.

एखाद्याशी आत्ता कुठं ओळख होते,
त्याचा दमा कळतो, त्याची बहीण कुठं दिली ते कळतं,
चहा ठेवावा म्हणून उठावं
तर माणूस गेलेला.
पुढच्या पानावर दुसरं गाव, दुसरं हवामान.
मन मात्र मागंच असतं.
मागच्या कथेतला दमा
पुढच्या कथेतल्या नवरदेवाला लागतो,
बिचारा अक्षतांच्या आधीच धापा टाकतो.

फार चांगल्या कथेनंतर जी येते
तिचं नशीबच खोटं, धाकट्या जावेसारखं.
तिनं काहीही करावं,
आपण थोरलीची आठवण काढत बसतो.
आणि ती समुद्रावरची, नवव्या नंबरची:
होड्या, माड, भरतीची वेळ.
तीनदा बसले तिच्यापुढं,
डोळ्यांसमोर नुसती पऱ्हाटी.
सोडून दिली. कथासंग्रहात हे बरं असतं,
एकीवर रुसलं तरी घर मोडत नाही.

पण सांगायचं ते वेगळंच.
आमच्या नगर वाचनालयाच्या प्रतीत
एकशे सत्त्याहत्तर ते एकशे ब्याण्णव पानं नाहीत.
फाडलेली नाहीत, शिवलेलीच नाहीत.
बाराव्या कथेत मालन नावाची बाई
बंद पडलेल्या टपाल कचेरीच्या दारात उभी,
आत कुणीतरी चालतंय.
पान संपतं: तिनं किल्ली फिरवली आणि आत
आणि लगेच एकशे त्र्याण्णव:
शेळी मात्र जागची हलली नाही.

मी हसले. मग हसू थांबलं.
पुन्हा वाचलं, एका दमात.
तिनं किल्ली फिरवली आणि आत शेळी मात्र जागची हलली नाही.
तीन हंगाम मी त्या वाक्यात राहिले.
धुळीचे गठ्ठे, न पोचलेली पत्रं,
आणि त्यांच्यात उभी, पिवळ्या डोळ्यांची,
कुणाचंही येणं न मानणारी.

मधली तेरावी कथा तर अख्खीच गेलेली.
अनुक्रमणिकेत फक्त नाव: 'मधला भाऊ'.

वन्संच्या डोळ्याच्या ऑपरेशनला परभणीला गेले,
तिथल्या वाचनालयात अख्खी प्रत सापडली.
उभ्यानंच वाचली.
आत मालनचा दीर होता, आणि एक पत्र,
पत्रात सगळं समजावून सांगितलेलं, तारखेनिशी.
शेळी चौदाव्या कथेतली, तलाठ्याची,
तिच्यावरून दोन पानं विनोद.
वाईट नव्हतं काही. सगळं दाबून बसवलेलं,
पट्ट्या मारलेल्या गासडीसारखं,
कुठून एक बोंडही बाहेर नाही.
'मधला भाऊ' उघडली,
पहिला शब्द दिसला, मिटली.
एक तरी असू दे.

परवा मुनीर चाचा रजिस्टर पुढं सरकवत म्हणाले,
"परभणीला गेल्ता म्हणं. पानं गावली का?
झेरॉक्स आणायची, मी चिटकवलं असतं."
मी म्हणाले, नाही गावली.

खोटं बोलले. सही केली.
पुस्तक परत घरी आणलं, पाचव्यांदा.
तिला चारा कोण घालणार.