बारा पानं

फ्लोरी डिमेलोनं रेंजहिल्सचं क्वार्टर सोडलं त्या दिवशी
ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक रोप माझ्या पिशवीत खुपसलं.
म्हणाली, आयरिसच्या भावकीतलं आहे,
बारा पानं झाल्याशिवाय फुलायचं नाही.
येशूचे शिष्य मोजायचे आणि गप्प बसायचं.

मोजणं आम्हाला नवं नव्हतं.
खडकीच्या कारखान्यात एका टेबलाशी एकवीस वर्षं
आम्ही दोघी फ्यूज मोजत होतो.
एका पेटीत बारा,
वर चिठ्ठी, चिठ्ठीवर सही.
त्या पेट्या पुढं कुठं उघडल्या
ते आम्ही कधी विचारलं नाही.

बोपोडीच्या गॅलरीत सात पानं झाली.
पावसाळ्यात नऊ.
एक गोगलगायीनं कुरतडलं, ते धरायचं की नाही
यावरून फोनवर भांडण.
(धरलं.)

चैत्रातल्या एका मंगळवारी, दूध आत घेताना,
पानातूनच फूल.
देठ असा नाहीच,
पातं चिरून बाहेर पडल्यासारखं.
तीन पांढऱ्या पाकळ्या, आत तीन निळ्या, मुडपलेल्या,
घशाशी वाघाचे पट्टे.
लगेच फोन लावला, तर ओरडलीच,
"माझ्याशी काय बोलत बसलीस? त्याच्यापाशी बस!
संध्याकाळी संपतं ते."

बसले.
भाजी चिरायची राहिली. गॅसवाला बेल वाजवून परत गेला.
चारचा भोंगा झाला तशी
पहिली निळी पाकळी आत वळली.
सहाला नुसता पिळलेला रुमाल.

झालं, वाटलं.

पण फूल होतं त्याच जागी
महिन्याभरात एक पिल्लू धरलं,
बुडाशी मुळांच्या पांढऱ्या गाठी.
त्याच्या भारानं पातं वाकत चाललंय कठड्याबाहेर,
खालच्या शेंडग्यांच्या एसीच्या पत्र्याकडं.
नर्सरीवाला म्हणतो, हे असंच चालतं.
वाकायचं, टेकायचं, टेकलं तिथं उभं राहायचं.

हे फ्लोरी बोलली नव्हती.
विचारायला फोन केला तर लेक उचलते,
"मम्मा झोपलीय, मावशी."
सकाळी अकराला. दुपारीही.

काल दह्याच्या डब्यात माती भरली,
वायरीनं कठड्याच्या बाहेरून बांधला,
एका हातानं गुडघा धरून.
टेकायला अजून चार बोटं कमी आहेत.
पिल्लाची पानं मोजली.
तीन.